मांजर चावायच्या आधी सांगतं : मुंबईत पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. "आत्ता तर मांडीत बसून घुरघुरत होती, स्वतःहून डोकं घासत होती, आणि काही कारण नसताना कडकडून चावली." निष्कर्षही ठरलेला: मांजराच्या जातीचा भरवसा नाही. मांजर लहरी असतं हे मला मान्यच आहे. आमच्याकडे दोन आहेत आणि रोज नवा पुरावा मिळतो. पण चावायच्या आधी ते शेपटीने, कानांनी, पाठीच्या कातडीने सांगत असतं, आणि नेमकं तेव्हा आपलं लक्ष मोबाइलमध्ये असतं. ते वाचायला जमलं की ओरखडे बरेच कमी होतात. खाली जे लिहिलंय ते मुंबईतल्या वन आरके ते टू बीएचके घरांचा हिशेब धरून लिहिलंय. बंगलेवाल्यांनी आपापली भर घालावी.

आधी जाळी, मग मांजर

मांजर घरी येण्याआधी प्रत्येक खिडकी, गॅलरी आणि बाथरूममधल्या काचेच्या पट्ट्या तपासा. मांजर चार पायांवर पडतं हे खरं, पण सहाव्या मजल्यावरून चार पायांवर पडलेल्या मांजराचाही जबडा फुटतो, छाती आपटते, पाय मोडतात. १९८७ साली न्यूयॉर्कमधल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद प्रसिद्ध केली. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली होती. हा आकडा लोक फार कौतुकाने सांगतात. जी जागीच गेली ती दवाखान्यापर्यंत आलीच नव्हती, हे सांगायचं राहून जातं.

कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजराला पुरत नाही. ते तिच्यावर चढतं, दातांनी कुरतडतं, आणि उन्हापावसाने ती आधीच कुजलेली असते. जाड दोऱ्याची किंवा स्टीलची जाळी लावून घ्या. इनव्हिजिबल ग्रिल असेल तर दोन तारांमधलं अंतर बघा. जिथून पिल्लाचं डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं. बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्यांच्या मागे राहिलेली फट आपल्या लक्षात येत नाही, मांजराच्या पहिल्याच दिवशी येते.

घरातल्या आणखी तीन गोष्टी. वॉशिंग मशीन लावण्याआधी ड्रममध्ये डोकावून बघायची सवय लावा, दरवेळी. कपाटातल्या डांबर गोळ्या काढून टाका. आणि लादी फिनेलने पुसत असाल तर ते बंद करा: त्यातली रसायनं मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि मांजर लादीवरून चालून पाय चाटणारच. साधं पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण पुरतो. घरकामाच्या मावशींनाही हे नीट समजावून सांगा, नाहीतर वास आला नाही म्हणजे लादी पुसलीच नाही असं त्यांना वाटतं.

कुठलं आणायचं

सोसायटीच्या आवारात, मासळी बाजारात, स्टेशनबाहेरच्या गाड्यांखाली पिल्लांना तोटा नाही. माझं मत स्पष्ट आहे: पर्शियन विकत घेऊ नका. चपट्या नाकामुळे श्वासाचा त्रास, डोळ्यांतून सतत पाणी, आपल्या दमट हवेत केसांच्या जटा, वर मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार त्या जातीत जास्त आढळतो. गावठी मांजर या हवेला सरावलेलं असतं आणि ते फुकट मिळतं.

पिल्लू निदान आठ आठवड्यांचं, जमल्यास बारा आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. खेळताना किती जोरात चावलं तर चालतं, हे आई आणि भावंडं शिकवतात. एकट्याने वाढलेलं पिल्लू तो धडा तुमच्या हातावर गिरवतं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान माणसांचे हात लागले तर ते माणसाळतं. तो काळ माणसांपासून लपूनछपून काढलेलं पिल्लू पुढे कितीही लाडात वाढलं तरी दारावरची बेल वाजली की कॉटखाली जाणार. बापाचाही वाटा असतो: माणसाळलेल्या बोक्याची पिल्लं जास्त धीट निघतात, त्यांनी बापाचं तोंडही पाहिलेलं नसलं तरी. त्यामुळे पिल्लू निवडताना आवारातला बोका कसा आहे ते वॉचमनला विचारा. त्याला सगळं माहीत असतं. एका वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, तेवढा तपशील मात्र त्यालाही ठाऊक नसतो.

पहिले काही दिवस: शोधायला जायचं नाही

नवीन मांजर घरात आलं की लपतं. कॉटखाली, फ्रिजमागे, माळ्यावरच्या बॅगांमध्ये. त्याला लपू द्या. वेगळी खोली असेल तर दार लावून तीच त्याची; वन आरके असेल तर एक कोपरा चादर टाकून अंधारा करा, आत पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा. शीचा ट्रे एका बाजूला, खाणं-पाणी त्याच्यापासून शक्य तितकं लांब. शेजारपाजारची मुलं बघायला येतील. त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा. ओढून बाहेर काढलेलं मांजर एकच गोष्ट शिकतं, की हे हात आले की पळायचं.

तुम्ही तिथेच जमिनीवर बसा, पाठ करून किंवा तिरकं. पेपर वाचा. नजरेला नजर भिडलीच तर सावकाश डोळे मिटा, उघडा. ही भोळी समजूत नाही: ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये तपासलं, तेव्हा असे सावकाश डोळे मिटणाऱ्या माणसाला मांजरांनी तसाच प्रतिसाद दिला आणि त्याच्याजवळ जायलाही ती जास्त तयार झाली. घरातल्या आजोबांना जेवणानंतर डुलक्या काढत त्या खोलीत बसवलं तर हे काम आपोआप होतं.

ट्रेबद्दल थोडक्यात. एका मांजराला दोन ट्रे, दोघांना तीन, असा नियम आहे. मुंबईत जागा नाही हे मान्य, पण एकाला एक तरी मोठा, उघडा आणि दिवसातून दोनदा साफ होणारा हवा. सुगंधी लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) आपल्यासाठी असतं, मांजराला तो वास नको असतो. पावसाळ्यात बेंटोनाइटचं, म्हणजे मातीचं लिटर हवेतली ओल धरून चिखल होतं. पोतं उघडं न ठेवता तांदळाच्या जुन्या डब्यात घट्ट झाकून ठेवा.

शेपूट, कान, कातडी

आता मुख्य विषय. आमची चिमी मांडीवर येऊन बसते तेव्हा काय काय होतं ते सांगतो.

आधी सगळं छान असतं. डोळे अर्धे मिटलेले, पंजांनी मांडी मळणं चालू, घुरघुर चालू. थोड्या वेळाने शेपटीचं फक्त टोक, शेवटचा इंचभर भाग, इकडून तिकडे हलायला लागतो. ही पहिली सूचना. घुरघुर थांबलेली नसते, म्हणून माणूस फसतो. मग पाठीवरून हात फिरला की कंबरेजवळची कातडी थरथरते, माशी बसल्यावर बैलाची थरथरते तशी. कान पुढे असतात ते बाजूला वळतात. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. घुरघुर बंद. डोकं एकदम हाताकडे वळतं, आणि हात अजूनही फिरतच असतो. इतकं सगळं सांगून झाल्यावर ती दात लावते, आणि आपण म्हणतो काही कारण नसताना चावली.

यावरचा उपाय सोपा आहे. दोन-तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. तिला आणखी हवं असेल तर ती डोकं पुढे करेल, हाताला गाल घासेल. नाही केलं तर विषय संपला. बहुतेक मांजरांना गाल, हनुवटी आणि कानांच्या मुळाशी खाजवलेलं आवडतं. पोट आणि शेपटीचं मूळ नाही. मांजर उताणं पडून पोट दाखवतं म्हणजे तुमच्यावर विश्वास दाखवतं. पोटाला हात लावायचं आमंत्रण त्यात नसतं, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाकीची खूणगाठ अशी. शेपूट उभी करून टोकाला जरा बाक देऊन येतंय, खूश आहे. शेपूट बाटली धुवायच्या ब्रशइतकी फुगली, पाठीची कमान झाली, तर घाबरलंय. फिसकारणं हा माज नाही, "जवळ येऊ नकोस" अशी विनवणी आहे, आणि ती ऐकायची असते. कान डोक्याला चिकटलेले असतील तर बोलणी संपली, मागे सरका. आणि घुरघुर म्हणजे दरवेळी सुख नाही. दुखत असतानाही मांजर घुरघुरतं, दवाखान्याच्या टेबलावरसुद्धा.

खिडकीतला बोका आणि तुमची पोटरी

कधीकधी मात्र खरंच तुम्ही काही केलेलं नसतं. मांजर खिडकीत बसलंय, खाली कंपाउंडच्या भिंतीवरून परका बोका चाललाय. तुमचं मांजर ताठ होतं, घशातून लांबलचक आवाज काढतं, त्या बोक्यापर्यंत पोचता येत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही चहाचा कप घेऊन शेजारून जाता. पोटरीला पंजा बसतो. राग बोक्यावरचा, निघाला तुमच्यावर. घरात दोन मांजरं असतील तर याच कारणाने ती एकमेकांवर तुटून पडतात आणि नंतर कित्येक दिवस एकमेकांना ओळख देत नाहीत.

अशा वेळी उचलून समजूत काढायला जाऊ नका. हातात उशी किंवा मोठा टॉवेल घेऊन मध्ये या, दार लावा, दिवा घालवा, तासभर किंवा जास्तही एकटं सोडा. ओरडणं, मारणं, पाण्याचा फवारा यातून ते फक्त तुम्हाला घाबरायला शिकतं. ठरावीक खिडकीतून हे सारखं होत असेल तर त्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद चिकटवा.

दात लागले असतील तर जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो, वरून काही दिसत नाही आणि आत पू होतो. त्यामुळे डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लशीचं काय करायचं तेही तेच ठरवतील. ती महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. हळद भरून बसू नका.

पहाटेचा गोंधळ

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जास्त जागं असतं, कारण त्या वेळी शिकार निघते. पहिल्या लोकलच्या वेळेला ते तुमच्या छातीवर चढून ओरडतं, तेव्हा ते आपल्या वेळापत्रकाप्रमाणे बरोबर असतं. उपाय रात्री करायचा. झोपण्याआधी काठीला बांधलेल्या चिंधीच्या मागे त्याला दमेपर्यंत पळवा, शेवटी चिंधी पकडू द्या, आणि लगेच जेवण द्या. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा क्रम त्याच्या अंगात आहे. बोटांनी मात्र कधीही खेळवू नका. पिल्लू असताना गंमत वाटते, पुढे तोच चार किलोचा बोका पांघरुणातली बोटं पकडतो.

पहाटे ओरडल्यावर उठून खायला घालायचं नाही. बंद केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं उलट वाढतं, आणि घरात एक तरी माणूस असा असतोच जो "बिचारीला भूक लागली असेल" म्हणून उठतो. तिथे सगळं मुसळ केरात. आधी त्या माणसाशी बोलून घ्या.

नखांसाठी सोफ्याला पर्याय द्या. जुन्या स्टुलाच्या पायाला सुंभ घट्ट गुंडाळला की काम होतं. स्टूल डगमगता कामा नये आणि मांजर पूर्ण ताणून उभं राहील इतका उंच हवा. तो सोफ्याशेजारीच ठेवा, कोपऱ्यात लपवू नका. जमीन कमी असली तरी भिंती आहेत: कपाटाची वरची जागा, माळ्याची कड मोकळी करून दिली तर लहान घरातलं मांजरही निवांत राहतं, कारण वरून सगळं दिसतं आणि कोणी हात लावत नाही.

मासे, दूध आणि ओटा

डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत शोभतं; घरात त्याला जुलाब होतात, कारण मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही. पाणी द्या, खाण्याच्या वाटीपासून लांब, पसरट भांड्यात.

मासे देता येतात, पण नुसते मासे देऊन चालत नाही. कच्च्या माशांतल्या काहींमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो. रोज तेच दिलं तर मांजराचा तोल जातो, झटके येतात. सुकटीत मीठ फार. कांदा-लसूण घातलेलं कालवण तर अजिबात नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांदेली किंवा बांगड्याचा तुकडा नुसत्या पाण्यात उकडून, काटे काढून, आठवड्यातून एखाद-दोनदा. रोजच्यासाठी मांजराचं तयार खाणं किंवा उकडलेली कोंबडी आणि डॉक्टरांनी सांगितलेली पूरक औषधं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं आणि ते भातात, पोळीत, डाळीत नसतं. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात. घर शाकाहारी असेल आणि ताटात मांस चालणार नसेल, तर मांजर पाळू नका असंच मी सांगेन.

बुधवारी, रविवारी मासे साफ करताना दहा मिनिटांपूर्वी गाढ झोपलेलं मांजर ओट्याशेजारी हजर असतं, जणू आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्याने भिंतीकडे बघत. फोन वाजला म्हणून तुम्ही पाठ फिरवली की शिंक्याचं तुटतं आणि बोक्याचं फावतं. झाकण ठेवा. याला शिस्त लावता येत नाही.

स्वभाव एकाएकी बदलला तर

हा भाग चिकटवून ठेवावा असा आहे. मांजराची लहर त्याच्या त्याच्या पद्धतीची असते, काही महिन्यांत ती ओळखीची होते. जे त्यात बसत नाही ते आजारपण समजा. लाडकं मांजर हात लावू देईना, एकटं मांजर एकदम चिकटायला लागलं, ट्रे सोडून गादीवर मुतायला लागलं, तर ते सूड उगवत नाहीये. दात, सांधे, मूत्राशय, काहीतरी दुखतंय.

यात सर्वांत तातडीचं म्हणजे बोक्याची लघवी अडकणं. पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये बसतो, कळ काढतो, ओरडतो, होत मात्र काही नाही किंवा थेंबभर होतं. बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका. एक-दोन दिवसांत जीव जातो. मांजराने दिवसभराहून जास्त काही खाल्लं नाही तरी दवाखाना गाठा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते. आणि घरातली क्रोसिन कधीही नाही, अर्धीही नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर तेही मांजराला विषच.

आणीबाणीत कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवा. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, १८८३ पासूनचं, रिक्षा-टॅक्सीवाल्यांना 'बैलघोडा हॉस्पिटल' सांगितलं की कळतं. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. जवळचा एक डॉक्टर मात्र हवाच, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे काही मांजर बघून मोकळा होत नाही. पिंजऱ्याची बास्केट एरवीही घरात उघडी ठेवा, आत जुना टॉवेल टाकून. फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढली तर मांजर बास्केटचा आवाज ओळखतं आणि मग शोधाशोध.

लस आठ-नऊ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, रेबीजची साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. पुढचं डॉक्टर सांगतील. नसबंदी पाच-सहा महिन्यांत करून टाका. बोक्याचं घरभर फवारणं आणि माजावर आलेल्या मांजरीचं रात्रभर विव्हळणं, दोन्ही त्याने थांबतं किंवा बरंच कमी होतं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" याला वैद्यकीय आधार काही नाही.

घरचे, शेजारी, ढोल

घरात कोणी गरोदर राहिलं की पहिला सल्ला येतो, मांजर बाहेर काढा. गरज नाही. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची भीती खरी आहे, पण विष्ठेतले ते जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि तो दुसऱ्या कोणीतरी. नवरा हे काम छान करू शकतो. कच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांचीही तितकीच काळजी घ्या.

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण पॅसेजमध्ये घाण झाली तर भांडण तुमच्याच दाराशी येणार. नको झालेलं मांजर मासळी बाजारात सोडून येणं ही मुंबईची जुनी खोड. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळीव प्राणी असा वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे.

विसर्जनाच्या मिरवणुका आणि दिवाळीचे फटाके यांच्या आधीच, दुपारपासून, खिडक्या लावून मांजराची लपायची जागा तयार ठेवा आणि त्याला तिथेच राहू द्या. सणाला कोणी फुलांचा गुच्छ आणला तर त्यात लिली आहे का बघा. असेल तर शेजाऱ्यांना देऊन टाका. खऱ्या लिलीचं पान, फूल, अगदी अंगाला लागलेला पराग चाटला तरी मांजराची मूत्रपिंडं बंद पडतात.

गावाला जाताना

गणपतीला कोकणात मांजराला बरोबर नेऊ नका. प्रवासापेक्षा परक्या घराचा धसका त्याला मोठा, आणि गावच्या उघड्या दारातून ते एकदा गेलं की परत येईलच असं नाही. त्याला स्वतःच्या घरातच ठेवा. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या. दिवसातून दोनदा येऊन खाणं, पाणी, ट्रे. जाण्याआधी त्यांना आठवडाभर हे काम तुमच्यादेखत करू द्या, म्हणजे मांजराला वास ओळखीचा होतो. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लावा. खाण्याचं माप कपाने काढून डब्यात भरून ठेवा आणि त्याशिवाय काही द्यायचं नाही हे दोनदा सांगा. सुरमईचा तुकडा त्या देणारच आहेत, निदान त्याला मसाला लावण्याआधीचा द्या एवढं कबूल करून घ्या.